कुब्जेची पाठ

'पोक काढून बसू नकोस' हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही असे मराठी घर सापडणे कठीण. मुलगा अभ्यासाला बसला, मुलगी वेणी घालून घ्यायला बसली, की आजीचा हात पाठीवर पडतो आणि मागोमाग हे वाक्य येते. आजीची स्वतःची पाठ एव्हाना धनुष्यासारखी झालेली असते. पण तिला आपण कुबड म्हणत नाही. ते तिचे वय झाले. तोच उंचवटा तरुण माणसाच्या पाठीवर दिसला की त्याला कुबड म्हणतात, आणि बैलाच्या पाठीवर दिसला की वशिंड. वशिंड भरदार असेल तर बाजारात बैलाची किंमत चढते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा खांदा तूपहळदीने मळतात. उंचवटा एकच, पण आजीच्या वाट्याला माया, बैलाच्या वाट्याला कौतुक आणि माणसाच्या वाट्याला हसू.

या हसण्याचा शब्द फार जुना आहे. 'कुब्ज' हा शब्द यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत आहे. पुरुषमेधाच्या लांबलचक यादीत तो वामनाच्या शेजारी उभा आहे. तेव्हापासून ही कुब्ज-वामनांची जोडी फुटलेली नाही. संस्कृतातला 'कुब्ज' प्राकृतात 'खुज्ज' झाला आणि मराठीत 'खुजा'. वाटेत त्याचा अर्थ पाठीवरून उंचीवर घसरला. आज आपण एखाद्याला खुजा म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीचा विचार मनात नसतो, आणि खुज्या मनाचा म्हणतो तेव्हा तर शरीराचाही नसतो. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या बदलासाठी एक नियमच घालून दिला आहे: कुब्ज शब्दातल्या 'क'चा 'ख' होतो, मात्र तो शब्द फुलाचा वाचक असेल तर होत नाही. कुब्जक नावाचे रानगुलाबाच्या जातीचे एक पांढरे सुवासिक फूल आहे. माणसाच्या पाठीवरचा 'क' बिघडला तरी चालेल, फुलाला धक्का लागू नये, अशी व्याकरणाने घेतलेली ही काळजी पाहून मला नेहमी गंमत वाटते.

शब्दाच्या गोतावळ्यात एक मानाची वस्तूही आहे, ती म्हणजे कुबडी. पाय अधू झालेल्याची कुबडी आपण ओळखतो. पण साधूने बसल्या जागी हात टेकण्यासाठी वापरायची ती आखूड आडव्या मुठीची काठी, तीही कुबडीच. समर्थ रामदासांचे चित्र कुबडीशिवाय पुरे होत नाही, आणि सज्जनगडावर भाविक तिचे दर्शन घेतात. वर्तमानपत्रांचे अग्रलेखक मात्र या शब्दाला फार राबवतात. कोणतेही सरकार दोनचार आमदारांच्या पाठिंब्यावर उभे राहिले की ते 'कुबड्यांवरचे' सरकार. कुबडीच्या आधाराने रोज कामावर जाणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटत असेल, असा विचार अग्रलेख लिहिताना कोणी करत नाही.

एका गावाला तर हा शब्द कायमचा चिकटला आहे. कनोज म्हणजे कान्यकुब्ज. रामायणाच्या बालकांडात त्याची कथा आहे. कुशनाभ राजाच्या शंभर मुली उद्यानात खेळत असताना वायूने त्यांना मागणी घातली. 'आमचे लग्न आमचे वडील ठरवतील,' असे त्यांनी सांगितले. वायू रागावला, त्यांच्या अंगात शिरला आणि त्याने त्यांना वाकवून टाकले. नकार ऐकून घेण्याची ताकद नसलेल्या पुरुषाचा हा एक जुना नमुना. अलीकडच्या बातम्यांत त्याच्या हाती वाऱ्याऐवजी आम्ल असते. पुढे ब्रह्मदत्ताने पाणिग्रहण करताच त्या सगळ्या पूर्ववत झाल्या. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाला तिथे वेगळीच कथा ऐकायला मिळाली: एका वृद्ध ऋषीने राजकन्या मागितली, धाकटीशिवाय कोणी तयार होईना, तेव्हा त्याने उरलेल्या नव्याण्णव जणींना शाप दिला. कथा कोणतीही घ्या, मुलींच्या पाठी वाकतात त्या 'नाही' म्हटल्याबद्दल. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांची जी यादी आहे तिच्यात कुब्जत्व आहे, हे वाचले की कथेतला वायू आणि वैद्याचा वात एकच असावेत असे वाटू लागते. राजकन्या बऱ्या झाल्या, पण गाव कान्यकुब्जच राहिले. आज ते अत्तरासाठी प्रसिद्ध आहे.

त्याच कनोजाहून राज्य करणाऱ्या हर्षाच्या नावावर 'रत्नावली' ही नाटिका आहे. तिच्या दुसऱ्या अंकात तबेल्यातले माकड सुटून अंतःपुरात शिरते आणि पळापळ होते. वामन कंचुकीच्या अंगरख्यात दडतो. कुब्ज आधीच वाकलेले, ते कोणाला दिसू नये म्हणून आणखी वाकून हळूहळू सरकतात. प्रेक्षक हसत असणार. राजवाड्याच्या आतल्या भागात कुब्ज, वामन आणि किरात नोकरीला ठेवायचे ही तेव्हाची रीतच होती. आणि कौटिल्याने तिचा उपयोग ओळखून असे सुचवले आहे की अंतर्गृहातल्या हेरांनी कुब्जाचे, वामनाचे, मुक्याचे किंवा बहिऱ्याचे सोंग घ्यावे. सल्ला धूर्त खराच. कुबड एकदा पाहून झाले की त्या खालचा माणूस पाहायची कोणी तसदी घेत नाही, हे त्याला पक्के माहीत होते.

आणि याच हर्षाला नर्मदेवर अडवणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीच्या सख्ख्या भावाला इतिहास काय म्हणतो? कुब्ज विष्णुवर्धन. साताऱ्याला सापडलेल्या ताम्रपटात तो युवराज म्हणून भेटतो. पुढे इसवी सन ६२४च्या सुमारास वेंगीला त्याने आपले राज्य उभे केले आणि पूर्व चालुक्यांची ती गादी साडेचारशे वर्षांच्या आसपास टिकली. त्याचे स्वतःचे बिरुद होते 'विषमसिद्धी'. ते नाण्यांवर उमटले आहे. वंशजांनी मात्र आपल्या ताम्रपटांत मूळपुरुषाची आठवण काढताना 'कुब्ज विष्णुवर्धन' असे लिहिले, आणि तसे लिहिताना त्यांना लाज वाटलेली दिसत नाही. दान देणाऱ्याच्या घराण्याची थोरवी सांगायची, त्या पत्र्यावर आजोबा-पणजोबांचे कुबड कोरून ठेवायचे. राजाच्या नावाला लागलेला शब्द शिवी राहत नाही, हेच खरे.

आपल्या आडनावांचेही तसेच आहे. बोबडे, बहिरे, लंगडे, आंधळे, थोटे, कुबडे. मराठी हजेरीपटावर नजर टाकली तर एखाद्या इस्पितळाची नोंदवही वाटावी. कोण्या पूर्वजाला कोणी तरी चिडवले, त्याने ते मुकाट्याने घेतले, आणि चौथ्या पिढीला ते कुळाचे भूषण झाले. बोबडे आडनावाचे गृहस्थ २०१९ ते २०२१ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांच्यासमोर उभे राहताना कोणाला त्या शब्दाचा अर्थ आठवला असेल असे वाटत नाही. वापराने शब्द झिजतो आणि त्याचा काटा बोथट होतो, असा एक दिलासा यातून काढता येतो. मला तो पुरता पटत नाही. शब्द झिजायला चार पिढ्या लागतात, आणि त्या चार पिढ्यांतली पहिली पिढी त्यात पुरती सोलून निघते.

आमच्या आळीत एक शिंपी होते. शिंप्याला आपल्याकडे मास्तर म्हणतात, म्हणून त्यांनाही म्हणत. आणि पाठीला कुबड होते म्हणून सगळी आळी त्यांना 'कुबडे मास्तर' म्हणे. यात कोणाला काही वावगे वाटत नसे, कारण 'कुबडा' न म्हणता 'कुबडे' म्हणण्याइतकी सभ्यता आम्हां सर्वांपाशी होती. आदरार्थी बहुवचनात दिलेली शिवी फक्त मराठीतच शोभते. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या दुकानातला दिवा रात्री दोनपर्यंत जळत असे. मापे घेताना ते स्टुलावर चढत आणि प्रत्येक पोराला म्हणत, 'ताठ उभा राहा, नाहीतर सदरा मागून वर उचलेल.' त्यांचा स्वतःचा सदरा कधीच वर उचललेला नसे. पाठीच्या भागाला जास्तीचे कापड कुठे आणि किती सोडायचे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

त्यांच्या थोरल्या मुलीला एक चांगले स्थळ आले होते. मुलाकडच्यांनी चौकशी केली: पाठीचे हे घराण्यात आहे का? नव्हते. मास्तरांना लहानपणी कण्याचा क्षय झाला होता. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ साली ज्याचे वर्णन केले, तोच हा रोग. मणके आतून पोखरले जाऊन खचतात आणि पाठ पुढे वाकते. आज वेळेवर ओळखला तर तो औषधांनी बरा होतो; मास्तरांच्या लहानपणी त्यांच्या गावात कोणी ओळखला नव्हता. तो पोटच्या मुलांत उतरत नाही, असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. कागद वाचून झाल्यावर मुलाचे काका म्हणाले, 'पण आडनावच कुबडे आहे म्हणतात, म्हणजे पूर्वीपासूनचे असणार.' स्थळ फिरले. मास्तरांचे आडनाव कुबडे नव्हतेच. दोन वर्षांनी मुलीचे लग्न दुसरीकडे झाले, तेव्हा पत्रिकेवरचे आडनाव वाचून आळीतली निम्मी माणसे बुचकळ्यात पडली की हे आमंत्रण आले तरी कोणाकडून.

तेव्हा प्रश्न असा आहे, की शरीरावरून माणसाला नाव देण्यात नेमके पाप कशाचे? खोटे तर आपण बोलत नाही. कुबड आहे, म्हणून कुबडा. गोरा आहे, म्हणून गोरा. पण गोऱ्याला गोरा म्हटल्याने त्याच्या चारित्र्याबद्दल काही ठरत नाही, आणि वाकड्याला वाकडा म्हटल्याने ठरते. कारण आपल्या भाषेने सरळपणा आणि सचोटी यांची सोयरीक फार पूर्वीच लावून टाकली आहे. सरळमार्गी माणूस, वाकडी नजर, वाकड्यात शिरणे, ताठ मानेने जगणे, कणा नसलेला पुढारी, हे सारे आपण पाठीच्या हाडावरून बोलतो. खरे म्हणजे याच भाषेत 'ताठा' हा दुर्गुण आहे आणि 'नम्र' या शब्दाचा धात्वर्थ 'वाकलेला' असा आहे. विठ्ठलासमोर वाकल्याशिवाय वारी पुरी होत नाही. म्हणजे वाकण्याबद्दल तक्रार नाही. आपल्या मर्जीने वाकला तो नम्र आणि हाडाने वाकवला तो कपटी, असा हा न्याय आहे. चोखोबांनी ऊस, कमान आणि नदी यांचे दाखले देऊन या न्यायाला जो प्रश्न विचारला तो प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतो. पाठ असणे वेगळे आणि पटलेले असणे वेगळे.

या सोयरिकीची सर्वांत मोठी किंमत मंथरेने मोजली. वाल्मीकी तिची ओळख करून देतात ती अशी: कैकेयीच्या माहेरची दासी, कोठे जन्मली कोण जाणे, लहानपणापासून कैकेयीबरोबर राहिलेली. ती सहज म्हणून गच्चीवर जाते आणि पाहते तो अयोध्येत रस्त्यांवर सडे पडले आहेत, पताका लागल्या आहेत, लोक न्हाऊनमाखून मिरवत आहेत. सण कसला हे तिला माहीत नाही. शेजारी उभ्या असलेल्या दाईला तिला विचारावे लागते, आणि दाई आनंदाने सांगते की उद्या रामाला अभिषेक. साऱ्या नगराला कळलेली गोष्ट या एका म्हातारीला कोणी सांगितली नव्हती. पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. पण कैकेयीचे मन फिरल्यावर ती मंथरेला काय म्हणते ते सहसा कीर्तनात येत नाही. इतर कुब्जा बेडौल आणि वाईट असतात, तू मात्र वाऱ्याने लवलेल्या कमळासारखी आहेस, तुझ्या या कुबडात बुद्धी भरली आहे, राजविद्या भरली आहे. भरत राजा झाला की या कुबडावर मी चंदनाची उटी लावीन, सोन्याची माळ घालीन, आणि दुसऱ्या कुब्जा तुझे पाय चेपतील, अशी तिची स्तुती चालते. मंथरेच्या पाठीबद्दल गोड बोलणारे साऱ्या कथेत एवढे एकच माणूस, आणि तेही तिचा उपयोग झाला त्या दिवशी.

ती इतकी कडू का झाली? वाल्मीकी कारण देत नाहीत. महाभारतातल्या रामोपाख्यानात असे सांगितले आहे की दुंदुभी नावाची गंधर्वी देवांच्या आज्ञेने कुब्जा होऊन जन्माला आली; म्हणजे दोष तिचाही नाही आणि कोणाचाच नाही, सगळे ठरवून झालेले. हे उत्तर सोयीचे आहे. माझ्या मते खरे उत्तर दिले ते तमिळ महाकवी कंबनाने. त्याची मंथरा, तमिळात तिचे नावच 'कूनी', म्हणजे कुबडी, अभिषेकाची वार्ता ऐकते तेव्हा तिला एक जुनी गोष्ट आठवते: लहानपणी रामाने खेळातल्या धनुष्याने मातीचे गोळे तिच्या कुबडावर मारले होते. बस, एवढेच. मुलाने खेळ केला, घरातले हसले असतील, म्हातारीने पाठ चोळली असेल आणि ती कामाला लागली असेल. मुलगा मोठा होऊन सत्यवचनी, एकपत्नी, पुरुषोत्तम झाला आणि ती गोष्ट विसरून गेला. ती विसरली नाही. चौदा वर्षांच्या वनवासाच्या मुळाशी राजकारण नाही, देवांची योजना नाही, एका दासीच्या पाठीवर बसलेले चार मातीचे गोळे आहेत, असे सांगायला रामभक्त कवीला केवढे धैर्य लागले असेल! रामाला कमीपणा येईल म्हणून त्याने ते वगळले नाही.

वाल्मीकींचा राम मोठा झाल्यावर कसा होता, हे मात्र मंथरेच्याच निमित्ताने कळते, आणि तेही तो तिथे नसताना. दशरथाच्या मृत्यूनंतर दागिन्यांनी मढलेली मंथरा दारात दिसते; द्वारपाल तिला शत्रुघ्नाच्या हवाली करतो आणि शत्रुघ्न तिला फरफटत नेतो. तिचे अलंकार अंगणभर सांडतात. भरत त्याला थांबवतो. तो म्हणतो, स्त्रिया अवध्य आहेत. आणि या कुब्जेला आपण मारले असे जर रामाला कळले, तर तो तुझ्याशी आणि माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. शत्रुघ्न हात सोडतो. ज्याचे सर्वस्व तिने घालवले, त्याच्या नावाने ती वाचली. भरतही तिला 'कुब्जा'च म्हणतो, ही गोष्ट वेगळी.

दुसरी कुब्जा मथुरेची. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण आणि बलराम मथुरेच्या रस्त्याने चाललेले असतात आणि हातात उटीचे भांडे घेतलेली एक तरुण दासी समोर येते. कृष्ण तिला हसत हसत, सुंदरीला हाक मारावी तशी हाक मारून विचारतो, 'तू कोण?' हे हसणे कसले, यावर मी पुष्कळदा अडखळलो आहे. रस्त्यात कुबड्या बाईला 'सुंदरी' म्हणणारी टोळकी आपण पाहिलेली असतात. ती मात्र चिडत नाही, लाजत नाही. 'मी कंसाची दासी, उटी करण्याचे काम माझ्याकडे, नाव त्रिवक्रा,' असे सरळ सांगते. नाव त्रिवक्रा! तीन ठिकाणी वाकडी. आईने काही तरी दुसरे नाव ठेवले असेलच. ते तिने स्वतःही सांगितले नाही. कंसासाठी केलेली उटी ती या दोघांना लावते. मग कृष्ण तिच्या पावलांवर आपली पावले दाबतो, हनुवटीखाली दोन बोटे लावतो आणि तिला वर उचलतो, आणि पाठ सरळ होते. ती त्याच्या शेल्याचे टोक धरून सर्वांदेखत म्हणते, 'घरी चल.' काम झाल्यावर येईन, असे तो सांगतो. आणि कंसवध, गुरुगृह, सगळे आटोपल्यावर उद्धवाला बरोबर घेऊन खरोखरच जातो.

आपल्या संतांनी तिला उद्धरलेल्यांच्या यादीत अहल्या, अजामिळ आणि गजेंद्र यांच्याबरोबर बसवले. ब्रजभाषेतल्या सूरदासादी कवींच्या गोपी तिच्यावर जळतात आणि टोमणे मारतात. तीन ठिकाणी वाकून मुरली वाजवणाऱ्या त्रिभंगीला त्रिवक्राच मिळायची, असा त्या टोमण्यांचा रोख. इंदिरा संतांनी मराठीत तिला पहाटेच्या यमुनेकाठी एकटी उभी केली, राधेला जाग येण्याआधी. ती कविता वाचल्यावर कुब्जेकडे कोणी दयेने पाहू शकत नाही. पण मला या साऱ्यात एक गोष्ट टोचते. ती सरळ झाली, तरी आपण तिला कुब्जाच म्हणतो. भागवतकार निदान नंतरच्या अध्यायात तिला 'सैरंध्री' म्हणतात, म्हणजे तिच्या कामावरून ओळखतात. आपण तेवढेही केले नाही. देवाने पाठ सरळ केली, पण लोकांच्या तोंडचे नाव काही त्याला सरळ करता आले नाही.

आणि पाठ सरळ करणे हीच कृपा, असे का मानायचे, हाही प्रश्न उरतोच. ज्यांची पाठ सरळ होत नाही त्यांच्याजवळून देव गेलाच नाही असे समजायचे काय? अष्टावक्राची गोष्ट या बाबतीत बरी वाटते, पण तीही पुरती निर्मळ नाही. महाभारतात तो समंगा नदीत स्नान करून सरळ होतो. लोकांच्या तोंडी जी गोष्ट आहे, आणि जी महाभारतात नाही, तिच्यात तो वाकडाच जनकाच्या सभेत येतो, पंडित हसतात, आणि तो त्यांना म्हणतो की मला वाटले ही विद्वानांची सभा आहे, पण इथे तर चामडे पाहणारे चांभार बसले आहेत. टाळ्या पडतात. मात्र जरा थांबून पाहिले तर त्याने काय केले? स्वतःच्या अंगावर आलेला अपमान उचलून त्या सभेत ज्यांना पाऊलही टाकता येत नव्हते अशांच्या अंगावर टाकला. हसणाऱ्यांना हसण्यासाठी दुसरे कोणी तरी दाखवून दिले. या गोष्टीवर प्रवचनांत इतके डोलणे चालते, पण हे कोणाला खटकल्याचे मी ऐकलेले नाही.

आताच्या काळात आपण शब्दच बदलून पाहिले. आंधळा-पांगळा गेले, अपंग आला, विकलांग आला. २०१५ साली पंतप्रधान नरेंद्र मोदींनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रूढ झाला. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण मला तो शब्द ऐकला की त्रिवक्रेची हनुवटी उचलणारी दोन बोटे आठवतात. शब्दाच्या स्पर्शाने पाठ सरळ करण्याची ही हौस आहे. त्यापेक्षा २०१६ चा कायदा मला जास्त भावतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते ते त्याने एकवीस केले, आणि सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागा तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेल्या. कचेरीच्या दाराशी पायऱ्यांच्या शेजारी उतार बांधला असेल, तर आत बसलेल्या कारकुनाने कोणता शब्द वापरला याचे मला फारसे वाटत नाही. उतार नसेल तर 'दिव्य' म्हणवून घेऊन माणूस पायऱ्यांखालीच उभा राहणार.

कुब्जांच्या साऱ्या कथांत माझी आवडती कथा पाली ग्रंथांतली आहे, आणि योगायोग असा की ती घडते 'रत्नावली'तल्याच राजवाड्यात. कौशांबीच्या उदयन राजाचे ते अंतःपुर. माकड सुटले तेव्हा जिथे कुब्ज दडत सरकले तेच. उदयनाची राणी सामावती हिची एक दासी होती, उत्तरा नावाची. पाठीला कुबड होते म्हणून तिला खुज्जुत्तरा म्हणत. राणी तिला फुलांसाठी रोज आठ नाणी देई. ती चारांची फुले आणी आणि चार स्वतःजवळ ठेवी. म्हणजे अगदी आपल्यातुपल्यासारखी. एके दिवशी माळ्याच्या घरी बुद्ध भोजनाला आले होते, म्हणून तिला थांबावे लागले, आणि थांबली म्हणून तिने उपदेश ऐकला. त्या दिवशी तिने आठही नाण्यांची फुले आणली. राणीने विचारले, 'आज इतकी फुले कशी?' तिने सगळे सांगून टाकले, रोजच्या चार नाण्यांसकट.

तिला कुबड का आले याचेही उत्तर अट्ठकथा देते: मागच्या एका जन्मी तिने किंचित पोक असलेल्या एका प्रत्येकबुद्धाची, अंगावर कांबळे घेऊन आणि वाकून चालून, नक्कल केली होती. कुबड दिसले की मागचा जन्म शोधायचा, ही सवय बौद्धांनाही सुटली नाही. मुलीच्या सोयरिकीत घराणे शोधणारे ते काका आणि हे टीकाकार यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. पण त्या कथेत एक गोष्ट मात्र कोणीही करत नाही. तिची पाठ कोणी सरळ करत नाही. बुद्ध करत नाहीत, नदी करत नाही, पुढचा जन्म येईपर्यंत ती तशीच राहते. पुढे बुद्धांनी ज्या उपासिकांची नावे घेऊन गौरव केला त्यांत बहुश्रुतांमध्ये श्रेष्ठ म्हणून तिचे नाव घेतले, आणि तिथेही 'खुज्जुत्तरा' असेच घेतले. 'इतिवुत्तक' या ग्रंथातली ११२ सुत्ते तिने ऐकून, पाठ करून, जपली अशी परंपरा आहे.

चार नाण्यांची कबुली ऐकून राणी रागावली नाही. तू जे ऐकलेस ते आम्हांलाही सांग, असे ती म्हणाली. खुज्जुत्तरा म्हणाली, सांगते, पण आधी मला स्नान घाला. मग राणीने सोळा घागरी सुगंधी पाण्याने तिला न्हाऊ घातले. दोन नवी वस्त्रे दिली. एक ती नेसली, एक खांद्यावरून, त्या पाठीवरून, पांघरले. उंच आसन मांडले, हातात पंखा दिला. सामावती आणि तिच्या पाचशे स्त्रिया खाली बसल्या. दुपार झाली असावी, कारण माळ्याकडचे भोजन आटोपूनच ती परतली होती. तिने पंखा खाली ठेवला आणि ऐकलेले सगळे, शब्दही न गाळता, सांगायला सुरुवात केली.